तिखटाची पुडी आणि बाकीचं

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

तू आता खानापूरच्या गाडीनं बेळगावला कॉलेजला जाणार, म्हणून तुझ्या आईचा फोन येऊन गेला. तुझ्या सॅकमध्ये तिनं तिखटाची पुडी ठेवली आहे, हे मला दोनदा सांगितलं. असू दे. पण मुलींच्या होस्टेलची रेक्टर म्हणून माझी 26 वर्षं गेली, तेवढ्यात कुणी तिखट उधळल्याचं मी पाहिलं नाही. पुडी फुटून जर्नल लाल झालेली मात्र पाहिली आहे. अंधारात कुणी झडप घातली असं क्वचितच घडलं. बहुतेक वेळा जे झालं ते दिवसाढवळ्या, तोंडओळखीच्या माणसाकडून; आणि ते वाढलं कशानं, तर पोरी गप्प बसल्या म्हणून.

आधी बसचं सांगते. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून खानापूरची सकाळची गाडी कशी भरून येते ते तुला माहीतच आहे. कंडक्टर आला की एका हातात दांडी, दुसऱ्या हातानं सॅकची चेन उघडून आधार काढायचं, दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं. आणि चेन? ती उघडीच राहते. फोन जातो तो ह्याच मिनिटाला. कार्ड कुर्त्याच्या खिशात ठेव, नसेल तर खिसा शिवून घे, सॅक पोटाशी धर. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलंस की 15 आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल, तो वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिही. फोन गेला तर पोलीस तक्रारीची प्रत आणि तो नंबर देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक करता येतो. नंबर फोनमध्येच ठेवलास तर काय उपयोग, सांग.

कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अ‍ॅडमिशनच्या दिवसांत रांग लागते. ‘व्हॉट्सअ‍ॅप करा, प्रिंट देतो.’ आधार, मार्क्स कार्ड, पासबुक, सगळं त्या दुकानदाराच्या नंबरवर जातं आणि तिथंच राहतं. माणूस भला असेल, पण त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोण कोण बसतं हे त्यालाही सांगता येणार नाही. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेव, जिथं चालेल तिथं तेच दे. आणि तिथं स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलंस तर लॉगआउट झाल्याशिवाय पायरी उतरू नको.

आता पैशाचं. हे नीट वाच, कारण ह्यात आपल्यासारख्या घरची हुशार पोरं अडकतात. फसवणारा नेहमी अनोळखीच असतो असं तुला वाटेल. माझ्याकडे आलेली एक मुलगी अडकली ती वर्गमैत्रिणीच्या भावामुळे. ‘माझी लिमिट संपली आहे, तुझ्या खात्यावर थोडे पैसे मागवतो, काढून दे, पाच हजार तुझे.’ हिनं पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम, तिन्ही दिलं. दीड महिन्यानं बँकेनं खातं गोठवलं आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा फोन आला. कुठल्या तरी म्हाताऱ्या माणसाचे लुबाडलेले पैसे हिच्या खात्यातून फिरले होते. हिची स्कॉलरशिपही त्याच खात्यावर यायची. ती माझ्यासमोर बसून एकच वाक्य म्हणत होती, ‘मॅडम, मी काय चोरी केली नाही की.’ खरंच केली नव्हती. पण कागदावर नाव तिचंच होतं. खातं भाड्यानं देणं म्हणजे घराची किल्ली देणं नव्हे, घराच्या दारावर आपलं नाव ठेवून आत दुसऱ्याला धंदा करू देणं. मैत्रीण रुसली तरी चालेल.

उलट तुझेच पैसे गेले तर रडत बसू नको, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लाव. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर हाताशी ठेव. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. लवकर कळवलं तर मध्येच अडवता येतात, उद्या सांगितलंस तर एटीएममधून निघालेले असतात. पैसे यायला पिन लागत नाही, जायलाच लागतो, एवढं ध्यानात ठेव. ‘स्कॉलरशिप मंजूर’ म्हणून आलेली लिंक उघडू नको. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत, ‘डिजिटल अटक’ असलं काही कायद्यात नाही. कुणी फोटो दाखवून धमकावलं तर एक रुपयाही द्यायचा नाही, कारण एकदा दिलास की दुसरी मागणी येतेच. स्क्रीनशॉट ठेव आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर टाक. बायकांच्या बाबतीतली असली तक्रार तिथं नाव न देताही करता येते.

आता माझी चूक सांगते. एक मुलगी पावसाळ्यात रोज सलवार गुडघ्यापर्यंत भिजवून यायची. छत्री असायची हातात. मी ओरडायची, रिक्षा कर म्हणून. बऱ्याच दिवसांनी कळलं की ती आरपीडी क्रॉसला उतरतच नव्हती, गोवावेसला उतरून चालत यायची, कारण क्रॉसवर एकजण गाडी लावून उभा असायचा. मी तिला म्हटलं, ‘लक्ष देऊ नको, कंटाळून जाईल.’ तो कंटाळला नाही. तिच्या गावापर्यंत गेला. वडील येऊन तिला घेऊन गेले, आणि पुढचं सेमिस्टर तिनं दिलंच नाही. त्या पोरीनं सांगितलं होतं, ऐकणारी मीच कच्ची निघाले.

नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, फोनवर माग काढत राहणं हा 2013 पासून वेगळा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. एकदा स्पष्ट नको म्हणायचं, मग वाद घालायचा नाही. तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहायचा आणि दोघांना सांगायचं. एकीनं ‘लक्ष देऊ नको’ म्हटलं, तर दुसरीकडे जायचं. ती एक मी असले तरीही.

मुली गप्प का बसतात, हेही मला ठाऊक आहे. घरी कळलं तर कॉलेज बंद. म्हणून काल फोनवर तुझ्या आईकडून मी शब्द घेतलाय: काहीही झालं तरी शिक्षण थांबणार नाही. बाबांनाही मागून बोलावून तेच म्हणायला लावलं. ते जरा पुटपुटले, पण म्हणाले.

पोलीस ठाण्याचं भय घेऊ नको. गुन्हा कोल्हापूरच्या बसमध्ये घडो की हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या नाक्यावर, ‘आमची हद्द नाही’ म्हणून परतवता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात झिरो एफआयआर लिहूनच दिलेला आहे. तू मराठीत सांगशील, ते कन्नडमध्ये लिहितील. सही करण्याआधी म्हणायचं, ‘ओदि हेळ्री सर’, म्हणजे वाचून दाखवा. वाचून दाखवणं त्यांचं काम आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. कन्नडचं काय ते राजकारण मोठ्यांनी करावं. तू चार वाक्यं शिकून घे, बसमध्येही कामाला येतात. तातडीला 112. फोन लागला की आधी जागा सांग, कहाणी नंतर.

रॅगिंगचं थोडक्यात: यूजीसीचे 2009 चे नियम आहेत, हेल्पलाइन 1800-180-5522, आणि तक्रारीत कायद्यानं गुन्हा दिसत असेल तर चोवीस तासांत एफआयआर करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजात वेगळी अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या नावांचा कागद नोटीस बोर्डावर जुन्या टाइमटेबलखाली दबलेला सापडेल. पहिल्याच आठवड्यात शोध, अध्यक्ष बाईंचं नाव लिहून घे. तिथं लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, पण कुणी शिक्षक किंवा क्लार्क चुकीचं वागला तर तीन महिने मोजत बसू नको.

संध्याकाळची खानापूरची गाडी चुकली तर स्टँडवर एकटी थांबू नको, कुणाच्या गाडीवर बसून निघू नको. सरळ टिळकवाडीला ये. रेल्वेच्या दुसऱ्या गेटाजवळच्या औषधाच्या दुकानातून मला फोन कर, मी घ्यायला येते. रात्रीचे अकरा वाजले असले तरी. भात असतोच.

तुझी,
रेक्टर काकू