विद्यार्थी आणि शिक्षक मिळून आपली शाळा कशी सुधारू शकतात?

जिल्हा परिषदेची शाळा धरून सांगतो. रंगरंगोटीपासून सुरुवात करू नका. भिंती बोलक्या होतात, मुलं मुकीच राहतात. आधी स्वच्छतागृहात पाणी आहे का ते बघा. मुलींची गैरहजेरी बरेचदा तिथूनच सुरू होते.

मग कपाटातली पुस्तकं बाहेर काढा. 'फाटतील' म्हणून कुलूप लावलेलं वाचनालय काय कामाचं? नोंदवही सहावी-सातवीच्या मुलांकडे द्या, ती आपल्यापेक्षा काटेकोर असतात!

सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे विषयमित्र. ज्याला भागाकार जमतो तो न जमणाऱ्याला शिकवतो, वर्ग वेगळा असला तरी चालतो. खेड तालुक्यातल्या (जि. पुणे) जालिंदरनगरच्या जि. प. शाळेने हे करून दाखवलंय. 2025 मध्ये तिला जागतिक स्तरावरचा लोकपसंतीचा पुरस्कारही मिळाला. मात्र शिक्षकाने लक्ष ठेवायला हवं, नाहीतर हुशार मुलं नुसती उत्तरं सांगून मोकळी होतात.

पैसा लागेल तिथे शाळा व्यवस्थापन समिती गाठा. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळा विकास आराखडा तीच बनवते. कित्येक गावांत ही समिती सह्यांपुरतीच उरते. मुलांनी गळकं छत, तुटके नळ यांची यादी करून थेट बैठकीत वाचून दाखवावी. मुख्याध्यापकांच्या अर्जापेक्षा पालक त्याकडे जास्त लक्ष देतात, असा माझा अनुभव आहे.