कानसेनांचं टपाल : टाळी नेमकी कुठे द्यायची?

प्रश्न : गेल्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात बासरी, व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) आणि हार्प (बोटांनी छेडायचं उभं तंतुवाद्य) अशा तीन वाद्यांची मैफल ऐकली. तिकीट मुलीने काढलं होतं. माझे कान आपल्या शास्त्रीय संगीतावर पोसलेले. पहिला तुकडा संपला, मला आवडला, म्हणून टाळी वाजवली, तर अख्ख्या सभागृहात मी एकटाच! शेजारच्या बाईंनी असं बघितलं, जसा काही मी चपला घालून देवळात शिरलो. पुढे हात मांडीखाली दाबून बसलो. राग कळेना, सम सापडेना, तबला तर नव्हताच. माझं चुकलं काय?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अहो, म्हणजे ती टाळी तुमची होती तर! मी तुमच्या मागे दोन-तीन रांगा सोडून बसले होते. मनातल्या मनात मीही वाजवली, फक्त हात आवरले. कारण तीस वर्षांपूर्वी मुंबईत मी हेच केलं होतं, तेही एकदा नाही, दोनदा.

टाळीचं आधी उरकते. ती रचना तीन भागांची होती आणि तिन्ही संपेपर्यंत थांबायचं, असा तिकडचा रिवाज. तोही काही फार जुना नाही. मोझार्टच्या काळात लोक मध्येच खुशाल टाळ्या पिटत. पुढच्या वेळी व्हायोलावाल्याच्या हाताकडे बघा. गज खाली येऊन मांडीवर टेकला की वाजवा. शेजारच्या बाईंना सोडून द्या.

आता सम. ती तिथे नव्हतीच, मग सापडणार कुठून? पहिली रचना होती क्लोद देब्युसी या फ्रेंच संगीतकाराची, 1915 सालची. फ्रान्समध्ये महायुद्ध चाललेलं आणि हा माणूस कर्करोगाने खंगलेला. सहा सोनाटा, म्हणजे वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचना, लिहायचे ठरवून बसला होता, तीनच झाले, त्यातला हा दुसरा. 1918 च्या मार्चमध्ये तो गेला. पहिल्या भागावर त्याने लयीची सूचनाच ‘रुबातो’ अशी दिली आहे. म्हणजे लय ताणा, सोडा, ठेक्याला बांधू नका. तुम्ही मांडीवर त्रिताल मोजत असणार. मीही मोजला होता, पाचव्या-सहाव्या मात्रेला हात हवेतच राहिला.

पण मला वाटतं, तुमची खरी अडचण वेगळीच झाली. तुम्ही बासरीला मुख्य कलाकार धरलंत, व्हायोलाला साथीचा आणि हार्पला तानपुरा. बरोबर ना? आपली बैठक तशीच असते, त्यामुळे कान आपोआप एकाच्या मागे जातो. इथे मुख्य कलाकार कोणीच नाही. सुरुवातीचं अर्धं मिनिट आठवा. हार्पच्या तारा छेडल्या जातात, त्यांचा नाद विरत असतानाच त्यातून बासरी वर येते. बासरीची ओळ शेवटच्या सुरावर टेकते आणि व्हायोला हलकेच तोच सूर धरतो. कोणाचा श्वास कुठे संपला आणि कोणाचा गज कुठे लागला, ते मला अजून नेमकं पकडता आलेलं नाही. ऐकायचं ते हेच. देब्युसीच्या मनात आधी व्हायोलाच्या जागी ओबो होता. तो राहिला असता तर फुंकीची दोन वाद्यं झाली असती, आणि हा चोरटा सांधा असा जमला नसता, असं आपलं माझं मत.

राग नाही, पण हार्प बघून तुम्हाला स्वरमंडळ आठवलं असेल. स्वरमंडळ बैठकीआधी रागाप्रमाणे लावून घ्यावं लागतं. बागेश्रीतून हंसध्वनीत जायचं तर परत खुंट्या पिळा. हार्पवाली ते काम पायांनी करते. तारा 47 आणि खाली पेडल सात, सात सुरांना एकेक. प्रत्येक पेडलला तीन खाचा. वरच्या खाचेत सूर कोमल, मधल्या खाचेत शुद्ध, खालच्या खाचेत तीव्र. एक पेडल दाबलं की त्या सुराच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. मी मध्यंतरानंतर मुद्दाम कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. वर बोटं संथ चाललेली, करंगळ्या तर वापरतच नाहीत, आणि खाली पातळ तळव्याचे बूट शिवणयंत्रावर असावेत तसे हलत होते. तिकडच्या ‘सी’ या सुराच्या तारा लाल, ‘एफ’च्या काळ्या, त्यावरून तिला जागा कळते. मधल्या तारा तातीच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्याच्या असतात, हवेतला दमटपणा बदलला की लगेच सूर सोडतात. त्या दिवशी बाहेर पाऊस, आत एसी. मैफलीआधी ती बाई इतका वेळ किल्ली घेऊन का बसली होती, ते आता कळलं असेल.

आणि हे वाद्य परकं म्हणून बिचकू नका. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा वीणा वाजवत बसलाय, ती नीट बघा. धनुष्यासारखी वाकलेली, भोपळा नाही, पडदे नाहीत. हार्पच आहे ती! नाण्यांची आवड असेल तर एखाद्या रविवारी अंजनेरीला नाण्यांच्या संग्रहालयात चक्कर मारा.

सोनाटा जेमतेम अठरा मिनिटांचा आहे. मुलीकडून मोबाइलवर लावून घ्या आणि तीन संध्याकाळी ऐका. पहिल्या दिवशी फक्त व्हायोलाच्या मागे जा. तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे ती सुरुवातीची ओळ क्षणभर परत येते. ती ओळखता आली तर मला पत्र टाका.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, चार वर्षं व्हायोलिन शिकते आहे. ती मैफल ऐकल्यापासून व्हायोलाच हवा म्हणून हट्ट धरून बसली आहे. घ्यावा का?
– एक आई, देवळाली कॅम्प

उत्तर : लगेच नको. व्हायोला अंगाने मोठा असतो, बोटं जास्त फाकावी लागतात, आणि त्याचं नोटेशन वेगळ्या चिन्हात लिहितात, ते नव्याने वाचायला शिकावं लागेल. तारा व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने, म्हणजे सा ते प एवढ्या अंतराने, खाली लागतात. हट्ट वर्षभर टिकला तर तिच्या गुरुजींना हात दाखवून माप घ्या. तोवर व्हायोलिनच्या सगळ्यात जाड तारेवर तिला रोज दहा मिनिटं लांब गज ओढू द्या. शेजारी कुरकुरतील, कुरकुरू द्या.