मुरगाव बंदरातल्या १९४३ च्या हल्ल्याची आठवण म्हणून वास्कोत छोटा कार्यक्रम करायचाय, काय करता येईल?

तारीख ९ मार्चच धरा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली त्या रात्री ब्रिटिशांची माणसं 'फीबी' नावाच्या बार्जवरून गुपचूप मुरगावात शिरली आणि 'एरनफेल्स' या जर्मन जहाजावर चढली, कारण त्यावरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून जर्मन पाणबुड्यांना दोस्त राष्ट्रांच्या जहाजांची खबर जाते असा संशय होता. ती माणसं म्हणजे कलकत्त्याच्या लाइट हॉर्स या हौशी राखीव घोडदळाचे बरेचसे पोट सुटलेले व्यापारी न् कंपनीवाले, पेशाने सैनिक नव्हेत! एरनफेल्स बुडालं, ते बघून बाकीची दोन जर्मन न् एक इटालियन जहाज त्यांच्याच खलाशांनी बुडवलं. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात न् पोर्तुगाल युद्धात तटस्थ, म्हणून पस्तीसेक वर्षं सगळं दाबून ठेवलं.

भाषणं कमी ठेवा हो, हार-शाल तर नकोच. संध्याकाळी सड्यावर लोकांना न्या, वरून बंदर दाखवत गोष्ट सांगा, आत जायचं असेल तर पोर्टची परवानगी आधीच काढा. तेव्हा इंत्रूजचे (कार्निव्हलचे) दिवस होते, हे सांगितलंत की गोंयकारांना ती रात्र लगेच डोळ्यासमोर येते. आणि तेव्हा आठ-दहा वर्षांचे असलेले आता नव्वदीपार, त्यामुळे वास्कोतल्या बायणा-बोगदा भागात कुणी आजोबा-आजी सापडले तर बाकी सगळं सोडून आधी मोबाईलवर रेकॉर्ड करा, कोकणीत बोलले तर कोकणीतच राहू दे.

फक्त विजय दिवस करू नका, जर्मन कॅप्टन आणि काही खलाशीही त्यात मेले. १९६१ चं गोवामुक्तीचं त्यात मिसळू नका, तो वेगळा विषय, डिसेंबरात करा.