इक्वाडोरच्या उंच जंगलात बकली ग्लासफ्रॉगचं धडधडतं हृदय बघायला मिळेल का?

नाही. ग्लासफ्रॉग म्हणजे पोटाची कातडी पारदर्शक असलेले छोटे बेडूक, पण फोटोंत पोटातून हृदय दिसतं ते बहुतेक हायालिनोबॅट्राकियम या प्रजातीच्या बेडकांचं. तुम्ही विचारलेला बकली (शास्त्रीय नाव सेंट्रोलिन बकली) कोलंबिया-इक्वाडोरच्या अँडीजमध्ये, साधारण 2000 मीटरच्या वरच्या ढगाळ जंगलात राहतो. त्याच्या छातीच्या आतल्या पडद्याचा पुढचा भाग पांढरा असतो, त्यामुळे हृदय झाकलेलं. पारदर्शक दिसतो तो पोटाचा मागचा भाग. झोपेत बहुतेक तांबड्या पेशी यकृतात साठवून बेडूक आणखी पारदर्शक होतो, हा 2022 मधला गाजलेला प्रयोग हायालिनोबॅट्राकियम फ्लेशमनी या जातीवरचा होता. तो बकलीला सरसकट लावू नका.

ओळखायचा कसा? लांबी जेमतेम 3 सेंटीमीटर, पाठ हिरवी, वरच्या ओठावर पांढरी रेघ, हाडंही हिरवी. नराच्या दंडाला हाडाचा काटा असतो. मात्र जनुकीय अभ्यासानुसार बकली या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या आहेत. म्हणून फोटोसोबत जागा आणि उंची लिहून ठेवा, नाहीतर नुसत्या फोटोवरून कोणी ठामपणे नाव सांगणार नाही.

शोध रात्री, पाऊस पडून गेल्यावर, ओढ्याच्या काठाने. आधी दिवे बंद करून नराचा आवाज कुठून येतोय ते ठरवा, मग पाण्यावर झुकलेली पानं आणि ब्रोमेलिया (झाडांवर वाढणारी, अननसाच्या कुळातली रोपं) तपासा. पान वाकवू नका. या बेडकांची अंडी पाण्यावरच्या पानांवर असतात आणि ती फुटल्यावर पिल्लं थेट ओढ्यात पडतात. फांदी हलली की घात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बुटांचा. बेडकांना मारणारी कायट्रिड ही बुरशी बुटांच्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. तिला 17 ते 25 अंश सेल्सिअस तापमान मानवतं, 28 च्या वर तिची वाढ थांबते. उंचावरच्या थंड, ओल्या ओढ्यांत तिला अटकाव करणारी उष्णता कधी येतच नाही. एका ओढ्याकडून दुसऱ्याकडे जाताना आधी ब्रशने चिखल पूर्ण काढा, कारण चिखलात ब्लीच निकामी होतं. मग एकास दहा पाण्यातलं ब्लीच लावून काही मिनिटं ठेवा, धुवा आणि बूट पूर्ण वाळवा. वाळणं ही बुरशी सोसत नाही. हे धुणं ओढ्यापासून लांबच करा, ब्लीच बेडकांनाही मारतं.

बेडूक हातात घेऊ नका. पोटाचा फोटो हवाच असेल तर परवाना असलेल्या स्थानिक संशोधकासोबत जा. आणि कोणी विकत देऊ केला तर नाही म्हणा: 2022 मधल्या निर्णयानुसार ग्लासफ्रॉगचं अख्खं कुळ साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे, त्यामुळे कागदपत्रांशिवाय तो देशाबाहेर नेणं हा गुन्हा.