४०० किलो पाच जणांचे

प्रिय पोरी,

काल फोनवर तू म्हणालीस, "काका, चारच किलो तर उतरवायचेत. तालमीत असताना उतरवायचेच की." त्या वेळी मी जास्त बोललो नाही, कारण हे घाईत सांगण्यासारखं नाही. उत्तर आधीच सांगून टाकतो. शिडाच्या बोटीच्या शर्यतीसाठी तुमच्या पाच जणांच्या क्रूचं वजन मिळून चार किलो जास्त भरतंय, पण हे चार किलो तू एकटीने उतरवायचे नाहीस. का, ते खाली लिहितो. तुमच्या हेल्म्समनशी, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याशी, कसं बोलायचं, तेही लिहितो.

तू कोल्हापूरची, त्यात कुस्ती खेळलेली, म्हणून वजनकाटा दिसला की तुझं मन एकाच दिशेने धावतं. खासबागेत पूर्वापार जोड लावायची ती अंगकाठी नजरेने पारखून. मॅटवरच्या कुस्तीत वजनगट आले आणि काटा आला. तिथे आकडा तुझ्या एकटीचा असतो, जास्त भरला तर बाहेर जाणारीही तू एकटीच. सेलिंगमधली मर्यादा पूर्ण क्रूची असते. तुमच्या जे-२४ बोटीवर ती ४०० किलो आहे. तुझ्या नावापुढे त्यातला कुठलाही आकडा लिहिलेला नाही.

ही मर्यादा आली कुठून, ते समजून घे. जे-२४ बोट सुमारे १,४०० किलोची, त्यात खालच्या कीलचं, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाला लावलेल्या जड पात्याचं, वजन सव्वाचारशे-साडेचारशे किलोच्या मधलं. म्हणजे पाच जणांचा क्रू जवळजवळ कीलच्याच वजनाचा, फरक इतकाच की कील हलत नाही आणि क्रू हलतो. वारा वाढला की शिडं बोटीला कलंडवू पाहतात. तुम्ही सगळे वाऱ्याच्या बाजूला रेलवर, म्हणजे काठावर, पाय बाहेर टाकून बसता, तेव्हा बोटीच्या मध्यरेषेपासून सव्वा मीटरभर लांब तुमचं वजन लागतं आणि बोट उभी राहते. उभी बोट शीड पूर्ण ताणून चालवता येते, कललेल्या बोटीला वारा सोडून द्यावा लागतो. म्हणून जोराच्या वाऱ्यात जड क्रू पुढे जातो. वारा मंद असला की हेच वजन बोटीला पाण्यात खोल बसवतं आणि अंगाशी येतं. मर्यादा नसती तर वाऱ्याच्या ठिकाणी प्रत्येक संघाने फक्त जाडजूड गडी शोधले असते, आणि तुझ्यासारखीला कुणी बोटीवर घेतलं नसतं. या नियमानेच तुझ्यासाठी जागा केली आहे, हे विसरू नकोस.

बोटींच्या प्रत्येक वर्गाने हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. ड्रॅगन आणि एचेल्स या बोटींनीही पूर्ण क्रूच्या वजनाला मर्यादा घातली. स्टार बोटीवर दोघेच असतात, तिथे सूत्र आहे: १०० मधून स्किपरचं (कप्तानाचं) वजन वजा करायचं, उरेल त्याला दीडने भागायचं आणि त्यात १०० मिळवायचे. स्किपर ८५ किलोचा असेल तर जोडीदार ११० पर्यंत चालतो. एकट्याने चालवायच्या आयएलसीए बोटीने वेगळीच वाट काढली. तिथे वजनाला मर्यादा नाही, पण एकाच हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, तीन मापांची शिडं आहेत, हलक्यांना लहान, भारी लोकांना मोठं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने आयएलसीए ४ मध्ये रौप्य घेतलं आणि विष्णू सरवणनने आयएलसीए ७ मध्ये कांस्य. बोटीचं अंग एकच, शिडं वेगळी, शरीरं वेगळी. कुणाला उपाशी न ठेवता हा प्रश्न सुटतो, हे मला यात फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्या बोटीचा हिशेब. तू सांगितलेले आकडे मी वहीत मांडले: ८८, ९२, ९०, ७८ आणि तू ५६. बेरीज ४०४. चार किलो जास्त, हे खरं. पण ४०४ मधले चार म्हणजे शेकडा एक, आणि तुझ्या ५६ मधले चार म्हणजे शेकडा सात. तेच चार किलो बाकीच्या चौघांनी एकेक करून उतरवले तर कुणाच्याही अंगावर शेकडा दीडसुद्धा पडत नाही. आणखी एक बघ. तुझ्या जागी ८० किलोचा गडी असता तर बाकीच्या चौघांना मिळून ३२० किलोच मिळाले असते. तू आहेस म्हणून त्यांना ३४४ मिळतात. चोवीस किलोची सवलत तू आधीच दिली आहेस. त्यावर आणखी चार मागणं हा अन्याय आहे, आणि बोटीच्या दृष्टीनेही चूक आहे.

चूक कशी, ते सांगतो. तू पुढे बोवर, म्हणजे बोटीच्या टोकाशी, काम करतेस. तिथे हलका माणूस हवा, बरोबर. पण त्याच माणसाने प्रत्येक मार्कवर, म्हणजे वळायच्या खुणेवर, धावायचं, स्पिनेकर या फुगऱ्या शिडाचा पोल लावायचा, काढायचा, जिब हे पुढचं शीड खाली ओढायचं. दहा दिवसांत ५६ चे ५२ करायचे तर त्यात चरबी थोडीच जाते, बाकी सगळं पाणी आणि स्नायूंतला साठा. शरीराच्या वजनाच्या शेकडा दोनइतकं पाणी कमी झालं तरी माणसाचं काम उतरू लागतं. तुझ्या बाबतीत ते जेमतेम एक किलो, चार तर लांबच राहिले. नौदलात असताना असा वजन मारून आलेला एक तरुण मी पाहिला. दुपारच्या शर्यतीत त्याच्या हातांना गोळे आले, शीटची, म्हणजे शिडाच्या दोराची, गाठ सुटेना. समुद्रावर हे नुसतं हरण्यापुरतं राहत नाही, माणूस पाण्यात पडू शकतो.

कुस्तीचीही आठवण करून देतो. पॅरिस २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर ती काय काय सोसत होती हे साऱ्या देशाने वाचलं. आणि आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव? १९४८ च्या लंडनला ते ५२ किलोच्या गटात सहावे आले, १९५२ च्या हेलसिंकीला ५७ च्या गटात उतरले आणि कांस्य घेऊन आले. वरच्या गटात गेले म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही.

एक गोष्ट संकोच न ठेवता लिहितो, घरातलं माणूस म्हणून. सारखं कमी खाऊन सराव चालू ठेवला की मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला खेळाडूंचा आजार म्हणून नाव दिलं आहे. तसं काही जाणवलं तर आईला सांग आणि डॉक्टरकडे जा. क्रूला नंतर सांग.

आता हेल्म्समनशी बोलायचं कसं. भांडू नकोस. पहिल्यांदा नोटीस ऑफ रेस, म्हणजे शर्यतीचं नियमपत्रक, वाच: वजन कधी करणार, काय कपड्यांत, पुन्हा करणार का. बऱ्याच ठिकाणी नोंदणीच्या वेळी एकदाच काटा असतो, म्हणून लोक त्या सकाळपर्यंत कोरडे राहतात आणि नंतर ढोसतात. तुमच्या क्रूने हा खेळ करू नये. मग पाचही जणांना एकाच काट्यावर, एकाच सकाळी उभं राहायला सांग. घरोघरचे काटे एक-दोन किलो इकडेतिकडे दाखवतात, कदाचित तुमचे चार किलो तिथेच निम्मे होतील. उरतील ते आकडे कागदावर मांड, शेकडा किती हे शेजारी लिही, आणि म्हण, "मी माझा वाटा देते, पण वाटा." तुझा वाटा शेकडा एक, म्हणजे अर्धा किलो. जड असलेल्यांना आठवड्याला अर्धा किलो या गतीने महिनाभरात दोन किलो सहज जातात, जेवण न सोडता. तेवढा वेळ नसेल तर एखाद्या ९० वाल्याच्या जागी ८५ चा गडी बघावा. हा निर्णय त्याचा आहे, पण पर्याय टेबलावर तू ठेव.

ओल्या कपड्यांचंही लक्षात ठेव. अंगावर वजन वाढवण्यासाठी काही घालायला बंदी आहे, आणि ओले करून निथळलेले कपडे व साहित्य मिळून साधारण ८ किलोच्या वर जायला नको. पूर्वी लोक पाण्याने भरलेली जाकिटं घालायचे, पाठी कामातून गेल्या, तेव्हा ती बंद झाली. तुला कुणी जुना स्वेटर भिजवून घालायला सांगितला तर सरळ नाही म्हण.

हेल्म्समन तरीही ऐकला नाही, "५२ हो, नाहीतर दुसरी बघतो" म्हणाला, तर जागा सोड. हे लिहिताना मला वाईट वाटतं, तू या जागेसाठी किती राबलीस हे मला माहीत आहे. पण ५६ किलोची, बो सांभाळणारी, पोहणारी, कुस्तीने पाय घट्ट झालेली मुलगी मुंबईच्या बंदरात रिकामी बसत नाही. दोन क्रूंशी मी स्वतः बोलेन.

दिवाळीला आलीस की गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जाऊ, आणि काटा घरी आणणार नाही. तोवर नोटीस ऑफ रेसचा फोटो पाठव. वजनाचा परिच्छेद मला स्वतः वाचायचा आहे, आणि पाच जणांचे खरे आकडे आले की तेही कळव.

तुझा,
काका