आधी तुझी तपासणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लग्नाला दीड वर्ष झालं. 'गोड बातमी कधी' हे सगळे तिलाच विचारतात आणि धंतोलीच्या दवाखान्यात फाइल घेऊन तीच एकटी बसते, हे वाचून फार वाईट वाटलं. तिची सोनोग्राफी दोनदा झाली, तुझी वीर्यतपासणी एकदाही नाही. दिवस न राहणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. म्हणून याच आठवड्यात जा.

तपासणीआधी 2 ते 7 दिवस संबंध नकोत. नमुना शक्यतो लॅबमध्येच दे. घरून नेणार असशील तर लॅबच्याच डबीत, तासाभराच्या आत. तेल, साबण, थुंकी, साधा कंडोम यांतलं काही वापरू नकोस, शुक्राणू मरतात. सुरुवातीचा भाग सांडला तर तसं सांग, सर्वांत जास्त शुक्राणू त्यातच असतात. आणि नागपूरच्या उन्हात डबी गाडीच्या डिक्कीत टाकू नकोस, शर्टाच्या आतल्या खिशात ठेव.

एका मिलिलीटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि 42 टक्के हालचाल, ही खालची मर्यादा. आकडा कमी आला तरी हादरू नकोस. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे ऑगस्टातला डेंग्यूचा ताप ऑक्टोबरच्या रिपोर्टात दिसू शकतो. तीन महिन्यांनी पुन्हा कर. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असशील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो, आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात.

तिची पाळी 35 दिवसांची आहे म्हणतोस. मग पाळी सुरू झाल्यापासून मोजलं तर बीज 14 व्या नाही, 21 व्या दिवसाच्या आसपास फुटणार. 14 वा दिवस धरून तुम्ही आठवडाभर आधीच थांबत होतात! बीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. तेव्हा 15 व्या दिवसापासून दिवसाआड एकत्र या.

गर्भनलिकांचा एक्स-रे डॉक्टरांनी सांगितला तर रक्तस्राव थांबल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत करून घ्या. नलिका बंद निघाल्या तर क्षयरोगाचीही तपासणी विचारा. खोकला नसतानाही तो गर्भाशयात असू शकतो.

विदर्भात राहतोस, म्हणून दोघांचीही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी दिवस राहण्याआधीच हवी. दोघेही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी तिला आजपासूनच सुरू कर. पुढच्या भेटीला फाइल तू धर.