जज कोस्ट गार्डचाच, मग जायचं कशाला?

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमचे मिस्टर ह्यूस्टनला टगवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, एबी (डेकवरचे अनुभवी खलाशी) आहेत, रँडम ड्रग टेस्टमध्ये गांजा निघाला, आता कोस्ट गार्डची लायसन्सविरुद्धची कम्प्लेंट हातात पडलीय आणि ते म्हणतायत की तक्रार करणारे तेच, जज पण त्यांचाच, तर सुनावणीला जाऊन काय उपयोग. हे वाक्य मी अमेरिकेत टगवर वीस वर्षं काढताना इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की काय सांगू, आणि ते पूर्ण खोटं नाही म्हणूनच जरा लांबण लावतोय.

आधी कामाचं. कम्प्लेंट मिळाल्यापासून 20 दिवसांत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. नाही गेलं तर कम्प्लेंटमध्ये लिहिलेलं सगळं तुम्हाला कबूल आहे असं धरून जज डिफॉल्ट ऑर्डर, म्हणजे सुनावणीशिवाय एकतर्फी निकाल, काढू शकतो, आणि "माझं ऐकलंच नाही" म्हणणारे माझ्या ओळखीतले बरेचसे याच खड्ड्यात पडलेले आहेत.

आता जजबद्दल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जज हा वर्दीतला माणूस नसतो, सिव्हिलियन वकील असतो. पगार कोस्ट गार्ड देतं हे खरं, पण तपास करणाऱ्या ऑफिसरने त्याच्याशी केसबद्दल परस्पर बोलायचं नसतं. ज्युरी नसते, ऐकीव पुरावाही चालतो, आणि "संशयापलीकडे" वगैरे भानगड नाही, पारडं जरासं एका बाजूला झुकलं की झालं. पण ते झुकवायची जबाबदारी कोस्ट गार्डची, आपली नाही.

मी एकदा सहकाऱ्याचा साक्षीदार म्हणून अशा सुनावणीला बसलो होतो. त्याने वकील केला नव्हता. मला वाटलं आता याचा चुराडा होणार, पण जजनेच त्याला प्रत्येक पायरी समजावून सांगितली आणि सँपल घेणाऱ्या माणसाला स्वतः इतके बारीक प्रश्न विचारले, बाटली कोणी सील केली, सही कधी केली, फॉर्मवरचा नंबर कोणी ताडून पाहिला, की तो बिचारा घामाघूम झाला. शेवटी पेपर बरोबर निघाले आणि आमचा माणूस हरला, ते सोडा.

संशयाला जागा आहे हेही सांगतो. 2007 मध्ये बाल्टिमोर सन या पेपरने छापलं होतं की 1999 पासूनच्या 6,300 हून जास्त चार्जेसमध्ये खलाशी जेमतेम 14 वेळा जिंकले. एका माजी जजनेच दबावाचे आरोप केले, काँग्रेसमध्ये सुनावणी झाली. आकडा भयंकर दिसतो, पण यातल्या ढीगभर केसेस सेटलमेंट किंवा डिफॉल्टमध्ये मिटतात, जजसमोर पूर्ण लढल्या जातात त्या थोड्याच.

आणि लायसन्सची केस म्हणजे फौजदारी खटला नाही. एक्सॉन व्हाल्डेझचा कॅप्टन हेझलवूड आठवतोय? 1989 ला अलास्कात टँकर खडकावर चढला, कोटभर गॅलनच्या वर तेल सांडलं, अजूनही लोक समजतात की दारूपायी त्याचं लायसन्स कायमचं गेलं. प्रत्यक्षात 1990 च्या सुनावणीत कोस्ट गार्डने नशेचा आरोप मागे घेतला, ड्युटीच्या आधी चार तासांच्या आत पिणं आणि ब्रिज सोडून जाणं या दोन गोष्टी त्याने लढवल्या नाहीत, आणि लायसन्स सस्पेंड झालं ते 9 महिने.

मग गांजाला एवढं कडक का? कारण इथे जजचे हात बांधलेले आहेत. ड्रग वापरलं हे सिद्ध झालं तर कायदा म्हणतो क्रेडेन्शियल (खलाशाचं लायसन्स) रिव्होक, म्हणजे रद्द, कराच, फक्त बरा झाल्याचा समाधानकारक पुरावा दिला तर सुटका. जजला कितीही दया आली तरी दोन महिने सस्पेंड करून सोडता येत नाही. राज्यात गांजा लीगल आहे, सीबीडी तेल (गांजाच्याच झाडापासून काढलेलं) घेतलं होतं, ही कारणं फेडरल नियमात चालत नाहीत, उगाच त्यावर सुनावणी घालवू नका.

म्हणून माझं मत, टेस्टच्या कागदात खरोखर खोट असेल तर लढा. आधी लॅबचं आणि सँपल कोणाकडून कोणाकडे गेलं त्याचं पूर्ण रेकॉर्ड मागवा. सँपल दोन बाटल्यांत भरतात, त्यातल्या दुसऱ्या बाटलीची तपासणी मागायला रिझल्ट कळल्यापासून 72 तासच असतात, ते मागितलं होतं का मिस्टरांना विचारा. खोट नसेल तर सेटलमेंटचं बोला, म्हणजे रिहॅब, मग साधारण वर्षभर न सांगता होणाऱ्या टेस्ट, आणि सगळं क्लीन निघालं की क्रेडेन्शियल परत. वर्ष मोठं वाटतं, घराचा हप्ता असतो, मला कळतं, पण रिव्होक झाल्यावर पुन्हा मिळवणं याहून लांबचं आहे.

हरलात तर 30 दिवसांत कमांडंटकडे, म्हणजे कोस्ट गार्डच्या प्रमुखाकडे, अपील, तिथेही नाही तर एनटीएसबी, म्हणजे कोस्ट गार्डबाहेरचं फेडरल वाहतूक सुरक्षा मंडळ. वकील परवडत नसेल तर वकील नसलेला प्रतिनिधीही चालतो, पण मेरिटाइम वकिलाशी एक तास तरी बोलाच.

कागद नक्की कुठल्या तारखेला हातात पडला ते लिहा, म्हणजे किती दिवस उरलेत ते बघू.